रहस्य, थरार, गूढ: ग्रंथालयातून काय न्यावं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाण्यातल्या कुठल्याही ग्रंथालयात देवघेवीच्या टेबलापाशी पाच मिनिटं उभं राहिलं, की "काहीतरी थ्रिलर द्या ना" हे वाक्य कानावर पडतंच. मागणी सोपी वाटते, पण गोची तिथेच होते. पुस्तक चौथ्या दिवशी अर्धवट परत येतं. ते वाईट नसतं, भलत्याच जातीचं गेलेलं असतं. म्हणून पहिला प्रश्न सगळ्यांनी वाचावा, पुढचे हवे तसे.

१. रहस्यकथा, थरारकथा, गूढकथा, भयकथा... सगळं एकच ना?

नाही. तलावपाळीवरच्या बाकावर एक बॅग पडली आहे असं समजा. ती कोणाची, कोणी ठेवली आणि का, हे शेवटच्या पानापर्यंत शोधायचं असेल तर ती रहस्यकथा. बॅगेत काय आहे हे वाचकाला पहिल्याच पानावर सांगितलं, पण शेजारी येऊन बसलेल्या आजोबांना त्याचा पत्ता नाही, तर ती उत्कंठेची गोष्ट, इथे प्रश्न "कोणी केलं?" हा नसून "आजोबा वाचतील का?" हा आहे. बॅग उचलून एक जण जांभळी नाक्याकडे पळत सुटला आणि चौघे त्याच्या मागे लागले, तर थरारकथा. आणि बॅग रोज संध्याकाळी त्याच बाकावर दिसते पण ठेवणारा कोणाच्याही नजरेला पडत नाही, तर गूढकथा. तिथे उत्तर मिळेलच याची हमी नाही आणि तक्रारही करायची नाही. गूढातली भीती पानापानाला वाढवत नेली की भयकथा.

उत्कंठेच्या गोष्टीचं उदाहरण म्हणून फ्रेडरिक फोर्साइथ यांची 'द डे ऑफ द जॅकल' (१९७१) घ्या. फ्रान्सचे अध्यक्ष द गॉल यांना मारण्याची सुपारी हा तिचा विषय. द गॉल १९७० साली आपल्या घरी वारले, म्हणजे कट फसणार हे वाचकाला आधीच ठाऊक आहे. तरी पुस्तक खाली ठेववत नाही, कारण बनावट पासपोर्ट कसा मिळवला, बंदूक कशी बनवून घेतली आणि पोलीस किती पावलं मागे आहेत यात वाचक अडकतो. "शेवट माहीत आहे, मग काय वाचायचं?" म्हणणाऱ्याने रहस्यकथा न्यावी, ही कादंबरी त्याच्यासाठी नाही.

टेबलावर "थ्रिलर" म्हणू नका. "खुनी कोण हे शोधायचं आहे", "पळापळ हवी आहे" किंवा "रात्री दिवा लावून झोपायचं आहे" असं सांगा. बरोबर पुस्तक हातात पडेल.

२. आजवर एकही रहस्यकथा वाचलेली नाही. पहिलं पुस्तक कोणतं नेऊ?

कादंबरी नको, कथा न्या. शेरलॉक होम्सच्या ५६ लघुकथा आणि ४ कादंबऱ्या आहेत. भालबा केळकरांनी होम्स मराठीत आणला, त्यांची पुस्तकं जुन्या ग्रंथालयांत हटकून असतात. एक कथा पाऊण तासात संपते आणि हा प्रकार आपल्याला रुचतो की नाही ते लगेच कळतं.

नवखे हमखास एक चूक करतात: "पहिल्यापासून वाचू" म्हणून १८८७ची पहिली कादंबरी, 'अ स्टडी इन स्कार्लेट', उचलतात. तिच्या उत्तरार्धात लंडन सोडून गोष्ट एकदम अमेरिकेतल्या युटाहच्या वाळवंटात जाते, होम्स कितीतरी पानं दिसतच नाही, आणि वाचक तिथेच गळतो. कथा आधी, मग 'द हाऊंड ऑफ द बास्करव्हिल्स', आणि ती पहिली कादंबरी सवडीने.

३. बाबूराव अर्नाळकर अजून मिळतात का? आणि आज वाचवतात का?

मिळतात, पण त्यांनी हजाराहून जास्त रहस्यकथा लिहिल्या, त्यामुळे "सगळे अर्नाळकर" कुठेच मिळणार नाहीत. नायकावरून मागा. धनंजय आणि त्याचा साथीदार छोटू ही गुप्तहेराची सरळ वाट. काळा पहाड आणि झुंजार हे कायद्याच्या कडेकडेने चालणारे. पहिल्यांदा वाचणाऱ्याने धनंजयपासून सुरुवात करावी.

वाचवतात का? एका बैठकीत एक, हो. लागोपाठ पाच नेलीत तर तिसऱ्यात कंटाळा येईल, कारण ही पुस्तकं तशी वाचण्यासाठी लिहिलेलीच नव्हती. मुंबईतला जुना काळ, टेलिफोन, मोटारी आणि संवादांचा वेग यांची मजा घ्या. पुरावा कोर्टात टिकेल का, असं विचारत बसू नका. गुरुनाथ नाईकांच्या कॅप्टन दीपलाही हेच लागू.

जुन्या प्रतींचा कागद इतका ठिसूळ झालेला असतो की पान उलटताना कोपरा हातात येतो. पान वरच्या कोपऱ्याने न उलटता मधोमध, दोन बोटांनी धरून उलटा.

४. 'दुनियादारी' आवडलं. सुहास शिरवळकरांचं पुढचं काय?

'दुनियादारी'सारखंच दुसरं शोधत असाल तर त्यांच्या रहस्यकथा ते नव्हेत. रहस्यकथांत त्यांनी नायकांची आपापसात वाटणीच केली आहे: कोर्टकचेरी आणि उलटतपासणी हवी असेल तर बॅरिस्टर अमर विश्वास, धाडस आणि मारामारी हवी असेल तर दारा बुलंद, याखेरीज मंदार पटवर्धन आणि फिरोज इराणी. कॉलेजातल्या मुलांना अमर विश्वास पटकन लागू पडतो. शिरवळकरांचे संवाद चटपटीत, प्रकरणं छोटी आणि पात्रं कमी. मराठी वाचनाची सवय सुटलेल्यांना परत आणायला यापेक्षा सोपा रस्ता आमच्या पाहण्यात नाही.

५. धारप की मतकरी?

नारायण धारप भीती बाहेरून आत आणतात: वाडा, बंद खोली, गावाबाहेरची जागा, आणि तिथे असलेलं 'ते'. रत्नाकर मतकरींची भीती घरातच असते, शेजारच्या माणसात, कधी निवेदकाच्या डोक्यात. म्हणून धारप वाचून रात्री घाबरायला होतं आणि मतकरी वाचून दुसऱ्या दिवशी दुपारी.

धारपांच्या 'समर्थ' कथांपासून सुरुवात केली तर झेपतं, कारण संकटाशी लढणारा कोणीतरी तिथे आहे असा धीर असतो. त्यानंतर त्यांची 'लुचाई' ही कादंबरी. मतकरींचा 'खेकडा' हा संग्रह छोटा आहे, पण सलग वाचू नका, दिवसाला एक कथा पुरे. आजच्या लेखकांपैकी हृषीकेश गुप्ते यांचा 'अंधारवारी' हा कथासंग्रह मागून घ्या.

घरात एकट्याने राहणाऱ्यांना धारप देताना आम्ही एकदा विचारून घेतो. हसण्यावारी नेऊ नका.

६. लोकलमध्ये वाचायला काय न्यावं?

मिनिटाला साधारण पाऊण पान या वेगाने ठाणे ते सीएसएमटी जलद गाडीत तीस-पस्तीस पानं होतात, धिम्या गाडीत पंचेचाळीसच्या आसपास. ठाणे-वाशी अर्ध्या तासात वीस-बावीस. म्हणजे होम्सची एक कथा जलद गाडीत बसते, मतकरींची वाशीच्या गाडीत. उभ्याने वाचणार असाल तर दोनशे पानांच्या आतलं, एका हातात मावेल असं पुस्तक घ्या. साडेचारशे पानी अनुवादाचा ठोकळा एका हाताने उघडा राहत नाही आणि जबरदस्तीने उघडा ठेवला की कणा तुटतो.

रहस्यकादंबरीची शेवटची चाळीस पानं मात्र गाडीत वाचू नका. दादरला उतरायचं असेल तर परळ येतं.

७. मालिकेतली पुस्तकं क्रमानेच वाचायला हवीत का?

बहुतेक वेळा नाही. पोलिसी तपासाच्या जुन्या मालिकांत प्रत्येक प्रकरण स्वतंत्र असतं. अगाथा ख्रिस्तींचा गुप्तहेर पॉयरो १९२०च्या पुस्तकात पहिल्यांदा आला. मधली पुस्तकं कुठूनही उचला, पण 'कर्टन' (१९७५) सगळ्यात शेवटी. ते त्यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळातच लिहून राखून ठेवलं होतं, आणि पॉयरोची ओळख नसलेल्याने ते वाचलं तर त्यातली निम्मी ताकद वाया जाते.

होम्सच्या बाबतीत 'द फायनल प्रॉब्लेम' ही कथा १९०३मध्ये आलेल्या 'द एम्प्टी हाऊस'च्या आधी वाचायची, एवढंच पथ्य. ('द फायनल प्रॉब्लेम' १८९३ची. ठाण्याचं मराठी ग्रंथ संग्रहालय त्याच साली सुरू झालं.)

आजच्या परदेशी थरारमालिकांत उलटं आहे. नायकाचं लग्न, घटस्फोट, व्यसन हे सगळं पुस्तकागणिक पुढे सरकतं आणि तिसऱ्या पुस्तकात पहिल्यातला खुनी सहज नावानिशी येऊन जातो. ती क्रमानेच वाचा. मलपृष्ठावर क्रमांक नसेल तर आतल्या श्रेयपानावर मूळ पुस्तकाचं साल पाहा.

८. अनुवाद चांगला आहे की नाही, हे नेण्याआधी कसं ओळखायचं?

पहिलं पान वाचू नका, त्यावर सगळेच मेहनत घेतात. पुस्तक मधोमध उघडा आणि संवादाचं एक पान वाचा. माणसं बोलताहेत की परिपत्रक वाचताहेत ते चार ओळींत कळतं. "तू हे करू शकत नाहीस असं मला वाटतं" हे वाक्य पिस्तूल रोखलेल्या माणसाच्या तोंडी असेल, तर पुस्तक परत ठेवा. मग एखादा तांत्रिक परिच्छेद बघा: बंदूक, जहाज, शस्त्रक्रिया. अनुवादकाला वस्तू समजलेली नसली की तिथे वाक्य लांबतं आणि गोल फिरतं.

विजय देवधर आणि रवींद्र गुर्जर ही नावं मुखपृष्ठावर दिसली की बरेच जुने वाचक मध्यावरचं पान न बघताच पुस्तक उचलतात. सत्यजित राय यांच्या फेलुदा या गुप्तहेराच्या गोष्टींचे अशोक जैनांनी केलेले अनुवादही त्याच विश्वासाचे. त्याबद्दल प्रश्न १२.

९. 'लुचाई' इंग्रजी कादंबरीवरून घेतली आहे म्हणे. मग ती मराठी कशी?

'लुचाई'चा आधार स्टीफन किंगची 'सेलम्स लॉट' (१९७५) आहे. पण तो अनुवाद नाही, रूपांतर आहे. गाव, माणसं, त्यांची बोली, श्रद्धा सगळं इथलं केलेलं असतं. मराठीत ही वाट फार जुनी: गो. ना. दातारांनी रेनॉल्ड्सच्या इंग्रजी कादंबऱ्यांवरून 'कालिकामूर्ती'सारखी पुस्तकं रचली आणि ती पिढ्यान्पिढ्या वाचली गेली. मूळ लेखकाचं नाव ठळक न देण्याची तेव्हाची रीत आज खटकते, आणि खटकायलाच हवी. तरी वाचक म्हणून दोन्ही वाचण्यात नुकसान नाही. आधी मराठी, मग मूळ असा क्रम ठेवा. उलट केलंत तर मराठी वाचताना सारखी तुलनाच होते.

१०. खऱ्या घटनांवरचं, पण कादंबरीसारखं पळणारं काही?

रवींद्र गुर्जरांनी अनुवादलेली दोन पुस्तकं. 'सत्तर दिवस': १३ ऑक्टोबर १९७२ला अँडीज पर्वतात विमान कोसळलं, बर्फात ७२ दिवस काढून १६ जण जगले. जगण्यासाठी त्यांनी मृत सहप्रवाशांचं मांस खाल्लं, हे आधी सांगून ठेवतो. न सांगता दिलं की पुस्तक निम्म्यात परत येतं. दुसरं 'पॅपिलॉन', फ्रेंच गयानातल्या तुरुंगातून पळण्याची हकिकत. मूळ पुस्तक १९६९चं आहे आणि त्यातलं सगळंच लेखकाच्या बाबतीत घडलं का, यावर तेव्हापासून वाद आहे. इतिहास म्हणून नव्हे, साहस म्हणून वाचा.

देवधरांचं 'डेझर्टर' युद्धातल्या पलायनाचं आहे. 'पॅपिलॉन' आवडलेल्यांना ते चालतंच.

११. डॉक्टर, प्रयोगशाळा, विज्ञान असलेलं?

रॉबिन कुक यांची 'कोमा' (१९७७) रुग्णालयात घडते. घरात कोणाची शस्त्रक्रिया ठरली असेल तर ती होऊन जाऊ द्या, मग न्या. मराठीत जयंत नारळीकरांच्या 'वामन परत न आला', 'प्रेषित' आणि 'व्हायरस'. त्यांत पाठलाग कमी आणि कोडं जास्त, म्हणून पळापळ हवी असणाऱ्यांची निराशा होते.

१२. दहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी?

दहाला भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे. बनेश फेणे फुरसुंगीचा, सायकलवरून सुसाट जाणारा, 'ट्टॉक' करणारा. पुस्तकं पातळ आहेत, एका शनिवारी एक संपतं. भाषा थोडी जुनी वाटते. पहिली दहा पानं मोठ्यांनी मोठ्याने वाचून दाखवली की पुढे मूल स्वतः वाचतं.

बाराच्या पुढे सत्यजित राय यांचा गुप्तहेर फेलुदा (मूळ बंगालीत १९६५पासून). गोष्ट सांगणारा तोपशे स्वतःच लहान, त्यामुळे मुलांना तो आपला वाटतो. एक प्रकरण थेट वेरूळच्या लेण्यांत घडतं, तिथून सुरुवात केली तर सहलीचाही बेत ठरतो.

चौदाच्या मुलाने धारप मागितले तर? समर्थ कथा द्या. 'लुचाई' दोन वर्षं थांबू शकते.

१३. आईला रहस्यकथा आवडतात, पण रक्तपात आणि शिवीगाळ नको. शिवाय बारीक टाइप वाचवत नाही.

अगाथा ख्रिस्ती, होम्स आणि फेलुदा. खून होतो, पण तो पडद्याआड. वर्णन एका ओळीचं. गेल्या वीस-पंचवीस वर्षांतले परदेशी अनुवाद टाळा किंवा आधी चाळा.

टाइपासाठी एक सोपी कसोटी: पानावरच्या ओळी मोजा. नेहमीच्या (डेमी) आकाराच्या पुस्तकात तिसापर्यंत ओळी असतील तर ज्येष्ठांना जमतं. पस्तिसाच्या वर गेल्या की डोळे दुखतात. जुनी पॉकेट पुस्तकं इथे बाद होतात, टाइप बारीक आणि कागद पिवळा. अशा वाचकांना दिवाळी अंक बरे: 'धनंजय' आणि 'नवल' यांचा भर रहस्य, गूढ, विज्ञान अशा कथांवर असतो आणि पान मोठं असतं. दिवाळीनंतर महिना-दोन महिने मागणी इतकी असते की नाव नोंदवावं लागतं. मे महिन्यात तेच अंक निवांत पडून असतात.

१४. पुस्तक तालिकेत दिसतं, कपाटात सापडत नाही. असं का?

कारण ते दुसऱ्याच कपाटात असतं. दशांश वर्गीकरणात, म्हणजे ग्रंथालयांच्या विषयवार क्रमांक देण्याच्या पद्धतीत, मराठी कादंबरी ८९१.४६३वर. पण अनुवाद मूळ भाषेच्या क्रमांकावर जातो: ब्रिटिश लेखक ८२३, अमेरिकी ८१३, बंगाली फेलुदा ८९१.४४३. म्हणजे मराठीत छापलेलं फोर्साइथचं पुस्तक ८२३वर असू शकतं. याउलट अनेक ग्रंथालयं सगळ्या कादंबऱ्या एकत्र, लेखकाच्या किंवा पुस्तकाच्या आद्याक्षराने लावतात. तेव्हा दोन्हीकडे पाहा, आणि मूळ लेखक व अनुवादक अशा दोन्ही नावांनी शोधा. रूपांतर (प्रश्न ९) मात्र मराठी लेखकाच्याच नावावर मिळेल.

नाव आठवत नसेल तर कथानक सांगत बसण्यापेक्षा नायकाचं नाव, मुखपृष्ठाचा रंग आणि साधारण कधी वाचलं ते सांगा. "एक बाई असते आणि तिचा नवरा..." एवढ्यावरून कोणीही शोधू शकत नाही.

१५. शेवटची पानंच नाहीत! आधी कसं तपासायचं?

रहस्यकथेला हा शाप आहे, कारण बांधणी सुटली की आधी पहिला आणि शेवटचा भाग निखळतो. पुस्तक बहुधा सोळा-सोळा पानांच्या फर्म्यांत, म्हणजे एकत्र घडी घातलेल्या पानांच्या गठ्ठ्यांत, छापलेलं असतं. अनेक जुन्या पुस्तकांत प्रत्येक फर्म्याच्या पहिल्या पानाखाली, डाव्या कोपऱ्यात बारीक अंक असतो: पान १७वर २, ३३वर ३, ४९वर ४. ते अंक ओळीने आहेत का पाहायला अर्धं मिनिट लागतं. एक अंक गळला तर सोळा पानं गेली. एकच अंक दोनदा आला तर बांधणाऱ्याने तोच फर्मा दोनदा घातलाय आणि बहुधा पुढचा राहिलाय. शेवटच्या पानावर 'समाप्त' किंवा एखादी वेलबुट्टी आहे का तेही बघा.

पुन्हा बांधलेल्या प्रतीत आणखी एक त्रास: कण्यालगत बाजूने टाके घातले की आतला समास जवळजवळ एक सेंटिमीटर खाल्ला जातो आणि ओळीची शेवटची अक्षरं शिवणीत जातात. अशी प्रत दाबून सपाट करू नका, दुसरी मागा.

दोष दिसला तर नेण्याआधीच टेबलावर दाखवा आणि नोंद करून घ्या. नंतर सांगितलं की पानं तुमच्याकडे फाटली असंच धरलं जातं. सुटलेलं पान सेलोटेपने चिकटवू नका. काही वर्षांत तो पिवळा पडून अक्षरांसकट निघतो. पान तसंच आत ठेवून परत करा, ग्रंथालयात पातळ कागद आणि खळ लावून ते बसवतात.

१६. पावसात पुस्तक भिजलं. आता?

इस्त्री नको, ऊन नको. दर दहा-बारा पानांमागे टिपकागद किंवा कोरा पांढरा कागद घाला (वर्तमानपत्राची शाई उतरते), पंख्याखाली उभं ठेवा, दर दोन-तीन तासांनी कागद बदला. जवळजवळ सुकलं की वर वजन ठेवा, म्हणजे पानं लाटेसारखी होणार नाहीत. दोन दिवस ओलं राहिलं तर बुरशी धरते, आणि बुरशीचं पुस्तक कपाटातल्या इतरांनाही लागतं. म्हणून लपवून परत करू नका. दंड लागला तरी सांगा.

१७. गोष्ट सांगणाराच शेवटी खोटारडा निघाला. ही वाचकाची फसवणूक नाही का?

रोनाल्ड नॉक्स या इंग्रज धर्मगुरूंनी १९२९ साली गुप्तहेरकथेसाठी दहा नियम लिहिले. गुन्हेगार सुरुवातीच्या भागातच दिसला पाहिजे, भुताखेतांची मदत चालणार नाही, गुप्त खोली किंवा भुयार एकापेक्षा जास्त नको, गुप्तहेराने स्वतः गुन्हा करू नये, हाती आलेले धागे वाचकापासून लपवू नयेत. या मापाने निवेदक खोटं बोलला तरी चालतं की नाही, यावर तेव्हापासून भांडणं आहेत.

आमची कसोटी साधी आहे: शेवट कळल्यावर पहिलं प्रकरण पुन्हा वाचा. निवेदकाने सांगितलेलं प्रत्येक वाक्य अक्षरशः खरं निघालं आणि फसलो ते आपण लावलेल्या अर्थामुळे, तर लेखक जिंकला. सरळसरळ खोटं छापलेलं सापडलं तर ती फसवणूक. अशा पुस्तकांची नावं इथे देत नाही, यादीत नाव आलं की पुस्तक संपलंच.

१८. आधीच्या वाचकाने पान १२वर पेन्सिलीने खुन्याचं नाव लिहिलंय. तक्रार कुठे करू?

टेबलावर. पेन्सिल असेल तर मऊ खोडरबराने एकाच दिशेने पुसली जाते. पेन असेल तर वर चिठ्ठी चिकटवतात, ती काढून बघू नका. मात्र पुस्तक टाकून देण्याआधी थोडं थांबा. असं लिहिणारे बरेचदा साठाव्या पानाच्या आसपास पोचल्यावर मागे येऊन स्वतःचा अंदाज लिहितात. तो चुकलेला असला की पुढचं वाचन फार मजेचं होतं.